डोंगरवाटांच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाताय? नाशिकमध्ये काय करायचं, काय न्यायचं, कोणाला भेटायचं

मेळावा ठरल्याचा मेसेज ग्रुपवर पडला की मला पर्सनलवर विचारणा सुरू होते. ताई मी आत्तापर्यंत फक्त हरिहर आणि अंजनेरी हे दोन गड केलेत मी आलं तर चालेल का, माझ्याकडे मोठी सॅक नाहीये, तिथे सगळे जुने जाणते लोक असतील मी काय बोलणार. तर सगळ्यांना एकदाच सांगते, चालेल, आणि नुसतं चालेल असं नाही, नवीन माणसं यावीत म्हणूनच हे मेळावे भरवतात. फक्त पहिल्यांदा येताना थोडी तयारी करून या, म्हणजे दोन दिवस नुसतं खुर्चीत बसून स्लाइड्स बघण्यात जाणार नाहीत.

आधी हा मेळावा कशाचा असतो ते समजून घ्या. एक गड सकाळी चढला, वरती फोटो काढले, दुपारी मिसळ खाऊन घरी, हे छानच आहे पण इथे विषय वेगळा असतो. इथे लांब पल्ल्याच्या वाटांची माणसं येतात, म्हणजे सलग तीन-चार दिवस, कधी आठवडाभर डोंगराच्या धारेवरून, पदरातून (कड्याखालच्या सपाट पट्ट्यातून), खिंडीतून चालत एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणारे, ज्याला आपल्याकडे रेंज ट्रेक म्हणतात. आणि त्यांच्याबरोबर येतात त्या वाटा सांभाळणारे लोक, जे सुट्टीच्या दिवशी विळा-कोयता घेऊन बुजलेली वाट मोकळी करतात, गडावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढतात, रेस्क्यूला धावतात. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाने पहिल्या गटापेक्षा या दुसऱ्या गटाकडे जास्त वेळ बसावं. का ते पुढे येईलच.

अमेरिकेत अपालाचियन ट्रेल म्हणून एक वाट आहे, जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी, साधारण ३५०० किलोमीटर. बेंटन मकाय नावाच्या माणसाने १९२१ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. आजही तिची देखभाल बऱ्याच अंशी स्थानिक क्लबांचे स्वयंसेवकच करतात, झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात आणि ते बघत बघत लोक महिनोन् महिने चालतात. अख्खी वाट चाललेले, चालणार असलेले आणि वाटेवर काम करणारे असे सगळे तिथे दरवर्षी एकत्र जमतात, एकमेकांना शिकवतात. आपल्याकडे मुलुंडला दरवर्षी गिर्यारोहकांचं गिरिमित्र संमेलन होतं ते तुम्हाला माहीत असेलच, आणि गावोगावचे क्लब आपापले छोटे मेळावे घेतात.

पण एक फरक डोक्यात ठेवा. तिथली वाट चालणाऱ्यांसाठी ठरवून आखलेली आहे. आपल्या वाटा कोणी ट्रेकर्ससाठी आखल्या नाहीत, त्या बाजाराला जायच्या वाटा आहेत, देवीला जायच्या वाटा आहेत, ढोरवाटा आहेत, लेक सासरी गेली त्या गावाच्या वाटा आहेत. पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आला, गाडी यायला लागली की गावातलं माणूस डोंगर ओलांडून चालत जायचं बंद होतं, आणि दोन-चार पावसाळे कोणी गेलंच नाही की घाणेरीचं झुडूप आणि गवत वाट गिळून टाकतं. रस्ता आला ही चांगलीच गोष्ट आहे, आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावं लागत नाही. पण वाट मरते ही पण खरी गोष्ट, आणि ती जिवंत ठेवायची तर कोणीतरी चालायला पाहिजे आणि कोणीतरी राबायला पाहिजे. मेळावा यासाठी असतो.

नाव नोंदवताना

मेळाव्याची माहिती बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि इन्स्टावर फिरते. रेंज ट्रेकचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यामुळे असे कार्यक्रम साधारण सीझनच्या तोंडावर नाहीतर शेवटाला धरतात. फॉरवर्ड आलेला मेसेज बघून लगेच पैसे पाठवू नका, आयोजक कोण आहेत, कोणत्या क्लबचे आहेत ते बघा, फोन करून बोला. विचारायच्या गोष्टी अशा, मुक्कामाची सोय आहे का आणि ती हॉलमध्ये सतरंजीवर आहे का खोल्यांमध्ये, बायकांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह आहे का (हे विचारायला अजिबात लाजू नका, मी दरवेळी विचारते), जेवण फीमध्ये धरलंय का, आणि दुसऱ्या दिवशी चाल असेल तर ती किती तासांची.

फॉर्ममध्ये रक्तगट, वय, आजार, चालू गोळ्या हे खरं खरं भरा. दम्याचा त्रास आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बीपी आहे, हे लपवून काही मिळत नाही. लीडरला आधी कळलं तर तो तुम्हाला योग्य गटात टाकेल, कळलं नाही तर कातळटप्प्याच्या मध्यावर सगळ्यांचीच पंचाईत.

फॉर्मवर शेवटी 'मदत करायला आवडेल का' असा रकाना असतो, तिथे हो लिहा. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसणं, चहाचे कप भरणं, खुर्च्या लावणं, काहीही. अनोळखी गर्दीत ओळखी व्हायचा यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही. टेबलावर बसलात की येणारा प्रत्येक माणूस तुमच्याशी दोन वाक्यं तरी बोलतो, दुपारपर्यंत तुम्हाला निम्म्या हॉलची नावं पाठ झालेली असतात.

यायच्या आधी नकाशा उघडा

हा भाग लोक सोडून देतात आणि मग गप्पांमध्ये काही कळत नाही. नाशिकच्या आसपास डोंगररांगा कोणत्या ते निदान नावाने तरी माहिती करून घ्या. पश्चिमेला त्र्यंबक रांग, म्हणजे ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, बसगड हा सगळा परिसर. उत्तरेला बागलाणात सेलबारी-डोलबारी, मांगी-तुंगी, न्हावीगड, मुल्हेर, मोरागड, हरगड, साल्हेर, सालोटा. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत त्याचं पण नाव आलं. आणि मधे पूर्व-पश्चिम आडवी पसरलेली सातमाळ. रेंज ट्रेकवाल्यांचं खरं प्रेम सातमाळवर. पश्चिमेकडून अचला, अहिवंत, मग सप्तशृंगी आणि तिच्या समोरचा मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड, आणि तिथून पुढे मनमाडकडे अणकाई-टणकाई. हे नाव-गाव एकदा नकाशावर बोटाने फिरवून बघा, पायथ्याची गावं पण बघा, धोडपला हट्टी, सप्तशृंगीला नांदुरी, इंद्राई-राजधेरला राजधेरवाडी.

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे येतात १:५०,००० स्केलचे, त्यात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंची. सातमाळचा नकाशा उघडला की एक गंमत दिसेल, रेषा एकदम गच्च, मग मोकळी जागा, मग परत गच्च. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय म्हणून असं, गच्च रेषा म्हणजे कडा आणि मोकळी जागा म्हणजे पदर. लांब वाटा बहुतेक या पदरातूनच जातात, आणि एका पदरावरून दुसऱ्यावर चढायला कुठेतरी नळी (कड्यातली अरुंद घळ) नाहीतर सोंड (खाली उतरत आलेली डोंगराची धार) शोधावी लागते. एवढं जरी समजून आलात ना तरी नकाशाच्या टेबलावर चाललेलं निम्मं बोलणं तुम्हाला कळेल.

आणि वहीत दोन-तीन प्रश्न लिहून आणा. 'सातमाळ कसा करायचा' हा प्रश्न नको, त्याला उत्तर द्यायला दोन दिवस लागतील. 'जानेवारीच्या शेवटी धोडप ते कांचना या टप्प्यात पाणी कुठे मिळतं', 'राजधेरवाडीत मुक्कामाला कोणाशी आधी बोलावं लागतं', असे प्रश्न आणा. असा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं की हा माणूस खरंच जाणार आहे, आणि तो खुर्ची ओढून बसतो.

नाशिकला पोचणं

बाहेरून येणाऱ्यांसाठी. रेल्वेने आलात तर स्टेशन नाशिकरोडला आहे, शहराच्या मध्यावर नाही, शहरातलं सीबीएस बसस्थानक तिथून साधारण नऊ-दहा किलोमीटर. सिटीलिंकच्या बस आहेत, रिक्षा आहेत. मुंबईहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली तर नाशिकरोडला रात्र होते, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवून ठेवा. पुण्याहून एसटीच बरी. एसटीने ठक्कर बाजारला नाहीतर महामार्ग स्टँडला उतराल, मेळाव्याचा हॉल कुठे आहे त्याप्रमाणे कुठे उतरायचं ते विचारून घ्या कारण दोन्ही स्टँड एकमेकांपासून जवळ असले तरी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये सॅक घेऊन उगाच फेरी पडते. सध्या सिंहस्थाची तयारी चालू असल्याने रस्त्यांची कामं बऱ्याच ठिकाणी आहेत, हातात अर्धा तास जास्तीचा ठेवा.

बॅगेत काय

हॉलमध्ये बसायला ट्रेकचे कपडे लागत नाहीत, साधे कपडे चालतात, भारी जॅकेट-बूट घालून कोणी इम्प्रेस होत नाही. डिसेंबर-जानेवारीत असेल तर नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नका, पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडकडे त्याहूनही खाली, सतरंजीवर झोपायचं असेल तर स्लीपिंग बॅग किंवा जाड चादर, कानटोपी, पायमोजे. बाकी वही-पेन, टॉर्च आणि जास्तीचे सेल, स्वतःची ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, रोजच्या गोळ्या, थोडे रोख पैसे. रोख यासाठी की डोंगराच्या पायथ्याला रेंज नसली तर यूपीआय चालत नाही आणि भाकरी करून देणाऱ्या मावशींना 'नंतर पाठवतो' म्हणणं बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशीच्या चालीसाठी ग्रीप असलेले आणि आधी पायात रुळलेले बूट. अ‍ॅक्शनचे असोत नाहीतर डेकॅथलॉनचे असोत, रुळलेले पाहिजेत. नवे कोरे बूट मेळाव्याच्या चालीला पहिल्यांदा घालू नका, टाचेला फोड आला की दिवस गेला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, तीन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या. सॅक नसेल तर नवी घ्यायची घाई करू नका, मेळाव्यात लोकांच्या सॅका उचलून बघा, पाठीवर घालून बघा, विचारा, मग घ्या. परफ्युम आणि सुगंधी तेलं घरीच ठेवा, गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि त्या वेळी कड्यावर पळायला जागा नसते.

पहिला दिवस, हॉलमध्ये

वेळेवर या. म्हणजे खरंच वेळेवर, उद्घाटन बुडालं तरी चालेल असं वाटत असलं तरी सुरुवातीच्या चहाला जे लोक भेटतात ते नंतर गर्दीत सापडत नाहीत. ओळख करून देताना किती गड केले ते मोजून सांगायची गरज नाही. नाव, कुठून आलात, काय करता आणि कशात रस आहे, बस. कोणी म्हणेल मला फुलं-झाडं कळतात, कोणी म्हणेल मी नर्स आहे, कोणी म्हणेल मला मोडी वाचता येते, कोणाचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा गॅरेज असतो. डोंगरावर या सगळ्याचा उपयोग होतो. वयाने मोठ्यांना काका-काकू, बरोबरीच्यांना दादा-ताई, पायथ्याच्या गावातून आलेल्या मंडळींना मामा, बाबा, मावशी. आणि हो, गावातली मंडळी आली असतील तर त्यांच्याकडे आधी जा. एखादा गुराखी बाबा मागच्या खुर्चीवर गप्प बसलेला असतो आणि त्या रांगेतल्या सगळ्या नळ्या त्याच्या पायाखालच्या असतात. बागलाणातले असतील तर अहिराणीत बोलतील, कळलं नाही तर परत विचारा, आनंदाने सांगतात.

सत्रं बरीच असतात, सगळी ऐकायचा हट्ट धरू नका. हिमालयातल्या मोहिमांच्या स्लाइड्स देखण्या असतात, बघा, पण नवख्या माणसाने तीन ठिकाणी मात्र बसायचंच असं मी सांगीन, नकाशाचं टेबल, प्रथमोपचार आणि रेस्क्यूचं प्रात्यक्षिक, आणि श्रमदानवाल्यांचा कोपरा.

नकाशाच्या टेबलावर वेळेचा हिशोब कसा करतात ते शिकून घ्या. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक नियम आहे, सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला वरून एक तास. समजा दिवसाची चाल १४ किलोमीटर आणि एकूण चढ ९०० मीटर, तर पावणेतीन तास अधिक दीड तास, म्हणजे सव्वाचार तास होतात. आता हे कागदावर. आपल्याकडे पाठीवर दहा-बारा किलो, घसाऱ्याचा उतार, वाट शोधण्यात जाणारा वेळ, दुपारचं ऊन, गट मोठा असेल तर कातळटप्प्यावर एकेकाला उतरवण्यात जाणारा वेळ हे सगळं धरलं की सात-आठ तास सहज होतात. जुने लोक हिशोब करताना हिवाळ्यात अंधार किती वाजता पडतो तिथून उलटे मोजत येतात, मुक्कामाची जागा पाचला दिसलीच पाहिजे तर निघायचं किती वाजता. ही पद्धत उचला.

मग पाणी. सातमाळचा पूर्वेकडचा भाग, चांदवड-मनमाडकडचा, पश्चिमेपेक्षा कोरडा आहे, आणि टाकी नोव्हेंबरात भरलेली असतात तीच फेब्रुवारी-मार्चला तळाला जातात. कोणी 'वर टाकं आहे' म्हणालं तर लगेच विचारा की कोणत्या महिन्यात बघितलं होतं, पिण्याचं आहे का नुसतं साठलेलं, आणि काढायला दोर लागतो का. माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून, पुढचं टाकं आटलं असेल तर काय, याचं उत्तर आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

जीपीएक्स फाइल, म्हणजे कोणीतरी चाललेल्या वाटेची जीपीएसवरची नोंद, मिळते, ती घ्या, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. पण ट्रॅक म्हणजे वाट नव्हे, कोणीतरी एकदा तिथून गेला एवढंच त्यातून कळतं, तो पावसाआधी गेला का नंतर, त्याच्याकडे रोप होता का, तो चुकून मागे फिरला होता का, ते रेषेत दिसत नाही. देणाऱ्याला विचारा. आणि दिलेली फाइल त्याला न विचारता पुढे पाठवू नका. काही वाटा अवघड असतात, कुठे गावाने लोकांना येऊ नका म्हटलेलं असतं, कुठे गिधाडांची घरटी असतात, त्यामुळे कोणी 'ही फाइल देत नाही, बरोबर चल' म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका.

रेस्क्यूच्या प्रात्यक्षिकात पुढे बसा, स्ट्रेचर धरायला बोलावतात तेव्हा उठा. जखमी माणसाला डोंगरावरून खाली आणायला किती हात आणि किती वेळ लागतो ते एकदा स्वतः उचलून कळतं, मग सेल्फीसाठी टोकावर जायची इच्छाच होत नाही. अपघात झाला तर ११२ ला फोन, आणि महाराष्ट्रात गिर्यारोहण महासंघाचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, राज्यभरातल्या टीम्सना ते जोडतं, त्याचा हेल्पलाइन नंबर तिथेच फोनमध्ये सेव्ह करा, कागदावर पण लिहा. फोन करताना काय सांगायचं ते पण शिकवतात, जागा, किती माणसं, काय लागलंय, शुद्धीवर आहे का, बरोबर कोण आहे, फोनची बॅटरी किती.

श्रमदानवाल्यांचा कोपरा

आता मी मघाशी म्हणाले ते. हा कोपरा बहुतेक वेळा हॉलच्या कडेला असतो, दोन-तीन साधे फोटो चिकटवलेले, एक वही ठेवलेली, गर्दी कमी. तिथे जाऊन बसा. रेंज ट्रेक करणारा तुम्हाला वाट सांगेल, पण वाटेवर काम करणारा तुम्हाला ती वाट तशी का आहे ते सांगेल.

एक उदाहरण देते. वळणावळणाची वाट सोडून सरळ खाली उतरायची सवय सगळ्यांना असते, पाच मिनिटं वाचतात. पण दहा-वीस लोक सरळ उतरले की गवत मरतं, पावसाचं पाणी त्याच रेषेतून धावायला लागतं, माती वाहून जाते आणि दोन पावसाळ्यांत तिथे ओढा तयार होतो, मग ना ती वाट राहते ना वरची वळणं. काम करणारे मग वाटेत तिरके दगड बसवतात म्हणजे पाणी बाजूला निघून जावं, आणि शॉर्टकटच्या तोंडाला काटेरी फांद्या टाकून तो बंद करतात. एकदा स्वतः असा दगड बसवला की माणूस आयुष्यात परत शॉर्टकट मारत नाही, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

टाक्यांचं काम असतं ते बहुतेक एप्रिल-मेमध्ये, पाणी कमी असताना. फावड्याने गाळ ओढायचा, घमेली भरायची आणि माणसांची रांग लावून हातोहात बाहेर द्यायची. टाक्याची कड फुटता कामा नये, पहार जोरात मारायची नाही. गाळात खापरं, नाणं, मूर्तीचा तुकडा काही निघालं तर ते खिशात घालायचं नाही, लीडरला दाखवायचं, तो संबंधित खात्याला कळवतो. आणि हे काम मनात आलं म्हणून करता येत नाही, संरक्षित गड असेल तर पुरातत्त्व खात्याची, जंगलाची हद्द असेल तर वनखात्याची परवानगी लागते, ग्रामपंचायतीला सांगावं लागतं. परवानगीचा कंटाळा येतो हे मान्य, पण चांगल्या हेतूने सिमेंट लावून जुन्या पायऱ्यांची वाट लावलेली ठिकाणं पण आहेत, त्यामुळे परवानगी पाहिजेच.

खुणांचा विषय निघेल. अमेरिकेतल्यासारखे रंगाचे पट्टे इथे का मारत नाहीत असं नवीन लोक विचारतात. कारण आपली वाट बऱ्याचदा गडाच्या कातळातूनच जाते, शिल्पांच्या, लेण्यांच्या शेजारून जाते, तिथे ऑइलपेंटचा बाण म्हणजे नुकसानच. त्यापेक्षा दगडावर दगड रचून केलेली खूण बरी, नाहीतर फाट्यावर परवानगी घेऊन लावलेला छोटा फलक. तुम्ही स्वतः मात्र हौसेने कुठेही दगड रचू नका, चुकीच्या फाट्यावर रचलेली रास मागून येणाऱ्याला कड्यावर नेते.

वणव्याचं पण ऐका. जानेवारीनंतर गवत वाळलं की एक विडी पुरते, अख्खी सोंड जळते. गवत कापून, पट्टा साफ करून जाळरेषा काढतात ते काम वनखात्याबरोबर करायचं असतं आणि त्याला माणसं कायम कमी पडतात.

तर त्या वहीत तुमचं नाव, नंबर आणि कोणत्या रविवारी येऊ शकता ते लिहून या. तोंडी 'नक्की येणार' म्हणणारे खूप असतात, तारीख लिहिणारे थोडे.

दुसऱ्या दिवशीची चाल

बहुतेक वेळा जवळचीच एखादी वाट असते, चार-पाच तासांची. पहाटे लवकर उठवतात, रात्री गप्पांच्या नादात जागू नका. लीडर पुढे आणि बॅकलीड मागे, तुम्ही त्यांच्या मधे, लीडरच्या पुढे जायचं नाही आणि बॅकलीडच्या मागे राहायचं नाही. थांबायचं असेल तर आवाज द्या. वेग कमी असेल तर पहिल्या पाच-सहा जणांत चाला, मागे राहिलात की सतत धावत गाठावं लागतं आणि दम जास्त लागतो. ब्लूटूथ स्पीकर नको. केळीची साल, संत्र्याची साल, टिश्यू सगळं पिशवीत परत, 'कुजतं ना ते' असं म्हणू नका, कुजेपर्यंत माकडं येतात आणि मग माणसांच्या हातातल्या पिशव्या ओढायला शिकतात.

चालताना मागे वळून बघायची सवय लावा. परतीला वाट दुसरीच दिसते. बाजूच्या माणसाला डोंगर ओळखायला सांगा, धोडप तर लांबूनच कळतो, माथ्याच्या एका अंगाला कातळाची सरळसोट भिंत आणि तिच्यात तोडून काढल्यासारखी खाच. एक डोंगर ओळखता आला की त्याच्या डाव्या-उजव्याचे लावता येतात, असं करत अख्खी रांग पाठ होते.

गावात जेवण असेल, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात. किती ताटं ते आयोजकांनी आधी सांगितलेलं असतं, त्यामुळे येणार म्हणून आयत्या वेळी गळू नका, तिथे पहाटेपासून चूल पेटलेली असते. ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यायचे. पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका, घरातले जुने कपडे न विचारता आणू नका, काही द्यायचंच असेल तर गावात काय लागतं ते शिक्षकांना, सरपंचांना विचारून द्या. कोणाच्या घराचा, चुलीचा, म्हाताऱ्या माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नको. देवस्थान असेल तर चपला बाहेर, आणि ती वाट आपल्याआधी कितीतरी पिढ्या चालत आल्यात हे विसरू नका. सप्तशृंगीला आजही लोक खानदेशातून पायी येतात, त्र्यंबकला पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. लांब पल्ल्याचं चालणं आपल्याकडे ट्रेकर्सनी आणलेलं नाही, त्या लोकांकडून मुक्कामाच्या, पायांच्या, कमी सामानात चालायच्या गोष्टी शिकण्यासारख्या खूप आहेत. वारकऱ्यांना विचारा पायाला फोड आल्यावर काय करतात, कुठल्याही गिअरवाल्यापेक्षा चांगलं सांगतील.

घरी गेल्यावर

तीन-चार दिवसांच्या आत वहीतलं नीट उतरवून काढा, नाहीतर 'टाकं डावीकडे' एवढंच लिहिलेलं राहतं आणि कोणत्या गडाचं ते आठवत नाही. ज्यांच्याशी बोललात त्यांना एक मेसेज टाका, नुसतं गुड मॉर्निंग नको, काय विचारलं होतं ते आठवण करून द्या. लगेच पाच दिवसांचा सातमाळ ठरवू नका. आधी दोन गडांची जोडी एका मुक्कामासह करा, म्हणजे सॅक पाठीवर घेऊन दुसऱ्या दिवशी परत चालताना शरीर काय म्हणतं ते कळेल, रवळ्या-जवळ्या आणि मार्कंड्या, नाहीतर राजधेर आणि इंद्राई, जाणत्या माणसाबरोबर. मग तीन दिवस, मग पुढचं.

आणि वहीत जी तारीख लिहून आलात त्या रविवारी या. जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे, टोपी, दोन-तीन लिटर पाणी, स्वतःचा डबा. विळा, घमेलं, फावडं गटाकडे असतं, घरचा कोयता चांगला धारेचा असेल तर आणा पण गोणपाटात गुंडाळून आणा, बसमध्ये उघडा नको. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन टाका. निघायची वेळ आदल्या रात्री ग्रुपवर येते, साधारण सकाळी सहाची असते, आणि गाडी कोणासाठी थांबत नाही कारण ऊन वाढायच्या आत काम उरकावं लागतं.